माळव्यातल्या भुईआमरी आणि 'नवी नोंद': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागून दोन आठवडे झाले की इंदूरच्या आसपासच्या जागांवरून भुईआमरींचे, म्हणजे जमिनीवर उगवणाऱ्या ऑर्किडचे, फोटो यायला सुरुवात होते. चोरल, मानपूर, पाताळपाणी, जानापाव, जाम गेट. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "ही माळव्यातली पहिलीच नोंद ना?" कधी असते, बऱ्याचदा नसते, आणि पुष्कळदा फोटोवरून काहीच सांगता येत नाही. तेच तेच लिहिण्यापेक्षा सगळी उत्तरं एका जागी ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकच दळण दोनदा दळायला नको.

१. आमरी म्हणजे ऑर्किडच ना? मग ती झाडावर असते, जमिनीवर कशी?

आमरी म्हणजे ऑर्किडच. झाडावरच्या आमरी नजरेत भरतात, म्हणून तसा समज झालाय. आपल्याकडेही आंब्या-मोहाच्या फांद्यांवर वांडा टेसेलाटा दिसते. पण भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ मध्ये देशभरातल्या आमरींची जी मोजदाद दिली, त्यात १,२५६ प्रकार होते. त्यांतले ७५७ झाडांवर वाढणारे, ४४७ जमिनीवर वाढणारे आणि ४३ असे की ज्यांना हिरवं पानच नसतं, बुरशीच्या जिवावर जगतात. म्हणजे जमिनीवरच्या आमरी एक तृतीयांशाहून जास्त झाल्या. वर्षातले सात-आठ महिने त्या कंदाच्या रूपात मातीखाली असतात, त्यामुळे कुणाच्या खिजगणतीत नसतात.

२. इंदूरसारख्या कोरड्या भागात ऑर्किड कुठून आली?

इंदूरचा पाऊस सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास, तोही जून ते सप्टेंबर. अरुणाचलात ६०० च्या वर जाती आहेत; त्या मापाने आपला हिशेब मांडू नका. सोयाबीनच्या काळ्या रानात काही मिळणार नाही. बघायचं ते शहराच्या दक्षिणेला, जिथे पठार संपतं आणि विंध्याचा कडा नर्मदेकडे उतरतो. तिथे बेसाल्टवर मातीचा थर पातळ असतो, उतारामुळे पाणी साचत नाही, आणि साग-धावड्याखाली कुजलेला पाला असतो. कंदवाल्या आमरींना नेमकं हेच लागतं: चार महिने ओल, मुळाशी निचरा आणि उरलेलं वर्ष झोप. कोरड्या उन्हाळ्याचं त्यांना काही वाटत नाही.

३. कधी जावं? आम्ही दरवर्षी १५ ऑगस्टच्या सुट्टीत जातो.

एकाच तारखेला गेलात तर दरवर्षी त्याच दोन-तीन जाती दिसतील. नर्विलिया, युलोफिया, हॅबेनेरिया ही आमरींच्या वंशांची शास्त्रीय नावं. नर्विलिया वळवाच्या किंवा पहिल्या पावसात फुलते. युलोफियाच्या काही जाती त्याच सुमाराला, काही तर पान फुटायच्या आधीच. हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस ही एकपानी पांढरी आमरी पावसाच्या पहिल्या दीड महिन्यात उरकून घेते. मार्जिनाटा, डिजिटाटा, फर्सिफेरा, कॉमेलिनिफोलिया या हॅबेनेरिया आणि त्यांच्या जवळच्या पेरिस्टायलस ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. आणि झ्यूक्सिन स्ट्रॅट्युमॅटिका चक्क थंडीत, डिसेंबर ते मार्च, ओलसर गवतात. नव्या नोंदी बऱ्याचदा जून आणि सप्टेंबरच्या टोकांना मिळतात, कारण तेव्हा धबधब्यांना गर्दी नसते आणि बघणारेही नसतात.

४. मला मिळालं ते ऑर्किडच आहे, हे कसं ओळखू?

सगळ्यात जास्त फसवते ती काळी मुसळी: जमिनीलगत पिवळी, सहा पाकळ्यांची चांदणी. ती आमरी नाही. सफेद मुसळीची पांढरी फुलं, केन्याचे भाईबंद, रानहळदीचा तुरा, ठिपकेदार पानांचा लेडेबुरिया, हेही दर पावसाळ्यात आमरी म्हणून येतात.

आमरीत एक पाकळी बाकीच्या पाचांपेक्षा वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. दुसरी खूण म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर सुटे नसतात, दोन्ही मिळून एकच छोटा खांब झालेला असतो. हॅबेनेरिया हाती लागली तर गवताची एक बारीक काडी फुलाच्या तोंडात, मागे निघालेल्या नळीच्या वाटेशी, हलकेच घाला आणि बाहेर काढा. ताजं फूल असेल तर काडीला दोन पिवळसर, देठ असलेल्या गदा चिकटून येतात. परागकण सुटे पडत नाहीत, गठ्ठ्यानेच निघतात. पतंगाच्या सोंडेला त्या अशाच चिकटतात. भिंगातून बघा, काडीवर त्या आधी ताठ उभ्या असतात आणि थोड्या वेळात पुढे झुकतात. मुसळीच्या फुलात यातलं काहीच होणार नाही.

५. फोटो पाठवला तर "अजून फोटो लागतील" असं का सांगता?

कारण येतो तो फोटो फुलाचा, समोरून, मागची पार्श्वभूमी धूसर करून. भिंतीवर लावायला छान, ओळख पटवायला कुचकामी. हॅबेनेरियात निम्मी ओळख फुलाच्या मागच्या नळीत असते, ती समोरून दिसतच नाही. किमान एवढं हवं: फूल समोरून आणि बाजूने, नळी टोकापर्यंत, संपूर्ण झाड बुंध्यापासून तुऱ्यापर्यंत, पानांची मांडणी वरून, फुलाखालचं छद (देठाशी असलेलं छोटं पान), आणि शेजारी मोजपट्टी. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल. आजूबाजूची झाडी आणि उतार दाखवणारा एक रुंद फोटोही घ्या, त्याचं महत्त्व नंतर कळतं.

६. सगळ्या हॅबेनेरिया मला सारख्याच दिसतात. फरक कुठे बघायचा?

आधी पानं. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसला एकच पान, गोलसर, मातीला चिकटलेलं. मार्जिनाटाची पानंही जमिनीलगतच, पण एकाहून जास्त आणि त्यांना फिकट पिवळसर काठ. फुलाचा ओठ पिवळा. प्लँटाजिनियाची पानं बुडाशी पसरलेली, फुलं पांढरी आणि ओठाच्या बाजूच्या पाळ्या रुंद, काठ दातेरी. पांढरं फूल दिसलं की लोक सरसकट प्लँटाजिनिया लिहून मोकळे होतात. त्याआधी खाली वाकून पानं मोजा.

हिरव्या फुलांच्या जातींत खरी कसोटी लागते. डिजिटाटात बाजूच्या पाकळ्या मुळापासून दुभंगलेल्या असतात, शिवाय ओठाचे तीन बारीक फाटे. त्यामुळे फूल बोटं फाकल्यासारखं दिसतं. फर्सिफेरात पाकळ्या अखंड, फाटे फक्त ओठाला. डिजिटाटाच्या खोडावर पानं वरपर्यंत चढतात, फर्सिफेरात ती बुडाकडे गोळा झालेली असतात. हे दोन मुद्दे पाहिले नाहीत तर फोटो कितीही स्वच्छ असो, नाव अंदाजानेच पडतं.

नळी अगदी आखूड, थैलीसारखी फुगीर असेल तर ती हॅबेनेरिया नसून पेरिस्टायलस असण्याची शक्यता धरा. आणि नळी बोटभर लांब असेल तर लाँगिकॉर्निक्युलाटा आठवा. लांब नळी, पांढरा रंग आणि संध्याकाळनंतर येणारा वास एकत्र दिसले की गिऱ्हाईक रात्रीचे पतंग आहेत असं समजायला हरकत नाही.

७. जुलैत फक्त एक पान सापडलं, हृदयाच्या आकाराचं. फूल नाही. नोंद होईल का?

वर्णनावरून नर्विलिया वाटते. तिचं गणित उलटं आहे: आधी उघड्या दांड्यावर फूल, ते वाळल्यावर पान. दोन्ही एकत्र सहसा दिसत नाहीत. पानावरून वंश सांगता येतो, जातीबद्दल मात्र जपून. प्लिकाटाचं पान चुण्यांचं, जमिनीलगत आणि बहुधा जांभळट छटेचं. कॉन्कलरचं दांड्यावर उभं, हिरवं. पण पानांत फरक खूप पडतो. जागा खुणेने लक्षात ठेवा (दगडाची खूण करा, खुंटी ठोकू नका, खाली कंद असतो) आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात जा. तोवर 'नर्विलियाची जात' एवढंच लिहावं. अपुरं नाव लिहिण्यात कमीपणा काहीच नाही, चुकीचं नाव मात्र पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जातं.

८. 'नवी नोंद' म्हणजे नेमकी कोणासाठी नवी?

नवी जात वेगळी आणि नवी नोंद वेगळी. जात जगाला माहीत असते, फक्त त्या भागातून तिचा लेखी पुरावा नसतो. तो भाग देश, राज्य, माळव्यासारखा प्रदेश किंवा जिल्हा असू शकतो. जिल्ह्याची नोंद कमी मोलाची असं म्हणायची सवय आहे, मला ती पटत नाही. राज्याची सीमा माणसाने आखलीय. सेंधव्याच्या पलीकडे धुळे जिल्ह्यात असलेली जात सीमेच्या या बाजूला मिळाली की 'राज्यासाठी नवी' म्हणून गाजते, पण पचमढीत आणि तोरणमाळात असलेली जात मधल्या विंध्यात मिळाली, तर तुटलेला दुवा जोडला जातो आणि वनस्पतींच्या प्रसाराबद्दल त्यातून जास्त कळतं. म्हणून लिहिताना 'सर्वात जवळची आधीची नोंद कुठली आणि किती किलोमीटरवर' हे वाक्य हवंच. ते नसेल तर नुसत्या 'प्रथमच' या शब्दाला अर्थ नाही.

९. मध्य प्रदेशच्या जुन्या यादीत हे नाव नाही. म्हणजे नवी नोंद पक्की?

घाई नको. दोन खाचखळगे आहेत.

पहिला नावांचा. मॅलॅक्सिसमधल्या बऱ्याच जाती आता क्रेपिडियममध्ये गेल्यात. नर्विलिया अरागोआना आता कॉन्कलर झाली, युलोफिया नूडा आता स्पेक्टाबिलिस. जिओडोरम हा अख्खा वंश अलीकडे युलोफियात घातलाय. नव्या नावाने शोधलंत तर जुन्या यादीत काही सापडणार नाही आणि जात 'नवी' वाटेल. सगळी समानार्थी नावं काढून एकेक तपासा.

दुसरा खड्डा नकाशाचा, आणि आपल्याकडे तो फार खोल आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी 'मध्य प्रदेश' म्हणजे नागपूर राजधानी असलेलं राज्य, त्यात विदर्भ होता आणि इंदूर नव्हतं. आपण तेव्हा मध्य भारतात, त्याआधी होळकरांच्या संस्थानात. इंग्रजांच्या काळातल्या कागदावर 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' आणि 'सेंट्रल इंडिया' हे दोन वेगळे प्रदेश आहेत, इंदूर दुसऱ्यात. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं. त्यामुळे १९८० सालच्या एखाद्या कागदावर 'मध्य प्रदेश, बस्तर' असेल तर ती नोंद आज मध्य प्रदेशची नाही. उलट, १९५२ चा 'मध्य प्रदेश' चिखलदऱ्याचाही असू शकतो. राज्याचं नाव वाचून थांबू नका, गावाचं नाव शोधा.

१०. मग ही जात इथे नव्यानेच आली असं म्हणायचं का? हवामान बदलामुळे?

बातमीत असंच छापून येतं, आणि बहुतेक वेळा त्याला काही आधार नसतो. नवी नोंद म्हणजे तिथे त्या हंगामात कुणीतरी पहिल्यांदा वाकून बघितलं, एवढंच. मध्य प्रदेशातल्या आमरींसाठी लोक पिढ्यान् पिढ्या पचमढी आणि अमरकंटकला गेले; इंदूर-धारच्या कड्यांकडे त्या मानाने कमी. न पाहिलेल्या जागेवरून 'नव्हती' असा निष्कर्ष निघत नाही.

खरोखर नव्याने येणाऱ्या आमरी असतात, नाही असं नाही. आपल्याकडची झ्यूक्सिन स्ट्रॅट्युमॅटिका आणि युलोफिया ग्रामिनिया या दोघी अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचून तिथल्या हिरवळीत आणि बागांच्या वाफ्यांत पसरल्या आहेत. पण तशी शंका घ्यायला जागा बघावी लागते: आणलेली माती, रोपवाटिका, नवी हिरवळ. विंध्याच्या उतारावर सागाखाली मिळालेल्या हॅबेनेरियाबद्दल असं म्हणायला तेवढाच भक्कम पुरावा आणा.

११. फोटो, तारीख, जीपीएस सगळं आहे. सुका नमुना कशाला हवा?

ओळख सोपी असेल आणि नोंद जिल्ह्यापुरती असेल तर नीट काढलेले फोटो (प्रश्न ५) बऱ्याच कामाचे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' ठरते, तीही उपयोगी आहे. पण ते एकमत आहे, पुरावा नाही. उद्या त्या जातीचे दोन तुकडे झाले तर फोटोतून खांबाची आतली रचना पुन्हा बघता येत नाही. राज्यासाठी नवी म्हणायची असेल तर नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे सुक्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा झालेला आणि त्याला क्रमांक मिळालेला असावा. मध्य प्रदेशासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं मध्य विभागीय केंद्र प्रयागराजला आहे. पुण्याचं पश्चिम केंद्र महाराष्ट्र, गोवा, गुजरातचं. पण तुलनेसाठी तिथले नमुने बघणं फायद्याचं, आणि इंदूरच्या मराठी माणसाला पुण्यात उतरायला एखादा मामा असतोच.

नमुना घ्यायचा तो परवानगीने (प्रश्न १३), कंदाला हात न लावता, मातीच्या वर कापून. दहा-बारा झाडंच असतील तर एकही घेऊ नका. दाबल्यावर आमरीचं फूल चपटं होऊन ओळखू येत नाही, म्हणून एक-दोन फुलं स्पिरिटमध्ये बाटलीत ठेवतात आणि बाटलीवर नमुन्याचाच क्रमांक घालतात. नमुना चिकटवायचा कागद २८ बाय ४२ सेंटिमीटरचा. फुलाचा रंग त्याच दिवशी लिहा. सुकल्यावर पांढरं, हिरवं, पिवळं सगळं एकाच तपकिरीत जातं.

१२. आईने कंद आणून कुंडीत लावलाय. जगेल का? आता काय करू?

या वर्षी फुलेल, पुढच्या वर्षी बारीक होईल, तिसऱ्या वर्षी बहुधा नाहीसा. हॅबेनेरियाचा कंद उकरून पाहिला तर दोन दिसतात: एक सुरकुतलेला, एक टणक. यंदाचं फूल जुन्या कंदाच्या शिदोरीवर उभं असतं आणि झाड त्याच वेळी पुढच्या वर्षीचा कंद भरत असतं. हंगामाच्या मध्यात उपटलं की तो अर्धाच राहतो. शिवाय मातीतली बुरशी. आमरीचं बी धुळीएवढं बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. विशिष्ट बुरशीने आत शिरून पोसलं तरच ते रुजतं. हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवून दिलं. कुंडीतल्या लाल मातीत आणि शेणखतात ती बुरशी नसते, म्हणून कंद तगला तरी बी रुजत नाही.

आईंना रागावू नका. झाड वाळेपर्यंत कुंडीतच राहू द्या, पाणी हळूहळू तोडा, आणि जागा नक्की आठवत असेल तर झोपेतला कंद पुढच्या पावसाच्या तोंडावर, वनरक्षकाच्या कानावर घालून, तिथेच परत लावा. जागा आठवत नसेल तर भलत्याच डोंगरावर नेऊन लावू नका, त्याने पुढे कुणाची तरी खोटी 'नवी नोंद' तयार होते.

१३. परवानगी कुणाची लागते? फक्त फोटो काढायलाही?

खुल्या वाटेवरून फोटो काढायला वेगळी परवानगी नाही, अभयारण्यात प्रवेशाचे नियम पाळावे लागतात. नमुन्याचं वेगळं. राखीव जंगलाला भारतीय वन अधिनियम १९२७ लागू आहे, म्हणून आधी इंदूर वनमंडळाशी बोला. महू, मानपूर, चोरल ही त्याचीच परिक्षेत्रं. राळामंडलसारख्या अभयारण्यातून पानही न्यायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो, परवाना मुख्य वन्यजीव संरक्षकांकडून. सगळ्याच आमरी साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळे परदेशातल्या तज्ज्ञाला कंद किंवा सुकं झाड पाकिटातून पाठवायचा विचारही करू नका. फोटो पाठवा.

जडीबुटीच्या दुकानात 'सालम मिश्री' म्हणून जे कंद मिळतात, त्यांत युलोफियाचेही असतात. अमरकंद म्हणतात तो हाच. हा बाजार असल्यामुळेच पुढचा प्रश्न येतो.

१४. जागा जाहीर सांगायची की लपवायची?

हॅबेनेरियाची सांगितली तरी फारसं बिघडत नाही. युलोफियाची नेमकी जागा जाहीर लिहू नका, तिच्या कंदाला भाव आहे. आयनॅचरलिस्टवर 'अस्पष्ट' निवडलं तर बिंदू सुमारे २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दाखवला जातो, खरी जागा तुमच्यापाशी राहते. हर्बेरियमच्या कागदावर मात्र अचूक जागा लिहायची. फोटोतल्या पाट्या, मंदिरं, रेल्वेचे पूल यांच्यावरही लक्ष असू द्या; कालाकुंडच्या वळणावरचा पूल दिसला की आकडे लपवून उपयोग नाही.

१५. चोरलच्या घाटाखाली सापडलं. जिल्हा इंदूर, पण ते माळव्यात धरायचं की निमाडात?

चांगला प्रश्न, आणि यावर हौशी मंडळींत खडाजंगी होते. जिल्हा इंदूर हे निर्विवाद. प्रदेशासाठी मी पाण्याकडे बघतो. जानापावला उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते, चोरल नदी दक्षिणेला नर्मदेला मिळते. कडा उतरून गेलात की झाडी, माती, उंची सगळं निमाडशी सोयरीक सांगतं. तेव्हा 'जिल्हा इंदूर, नर्मदा खोरं, विंध्याचा दक्षिण उतार, उंची इतकी' असं लिहा. 'माळवा' शब्द शीर्षकात घातला की वजन वाढतं हे खरं, पण नेमकेपणा जातो.

१६. गेल्या वर्षी सात झाडं होती, यंदा एकही नाही. नोंद मागे घ्यावी का?

नाही. कंदवाली आमरी एखादं वर्ष वर येतच नाही, मातीतच पडून राहते. पाऊस उशिरा आला, गुरांनी शेंडा खाल्ला, किंवा गेल्या वर्षी बी धरण्यात ताकद गेली तरी असं होतं. सलग काही हंगाम बघा आणि 'दिसली नाही' हेही तारखेनिशी लिहून ठेवा. न दिसल्याच्या नोंदी कुणी ठेवत नाही, म्हणून नंतर घट झाली की नाही ते कळत नाही. घाणेरी माजली असेल किंवा रस्त्याचा भराव आला असेल तर तेही लिहा. सिमरोलपुढच्या घाटात चौपदरी रस्त्याचं, बोगद्यांचं आणि रेल्वेचं काम निघाल्यापासून त्या पट्ट्यातल्या जुन्या नोंदींना वेगळीच किंमत आली आहे.

१७. आमच्या कॉलनीच्या हिरवळीत थंडीत छोटी पांढरी आमरी आलीय. ही जंगली नोंद धरतात का?

ओठ पिवळा आणि पानं गवतासारखी असतील तर झ्यूक्सिन. हिरवळ कधी आणि कुठल्या रोपवाटिकेतून आणली ते विचारा आणि नोंदीत लिहा. बाहेरून आलेल्या मातीतली असेल तर 'आपोआप उगवलेली, बागेत' अशी वेगळी नोंद होते (कारण प्रश्न १० मध्ये). तलावाकाठच्या जुन्या गवतात मिळाली तर खुशाल जंगली धरा. माळ्याला मात्र सांगून ठेवा की मार्चपर्यंत तेवढ्या चौकोनावर यंत्र फिरवू नको.

१८. जागा एका गुराख्याने दाखवली. नोंदीत त्याचं नाव घालायचं का?

त्याला विचारून, हो. आभारांच्या शेवटच्या ओळीत 'स्थानिक ग्रामस्थ' असं गुंडाळू नका. शोधणारा तो आहे, तुम्ही ओळख पटवलीत. तिकडची भिल्ल-भिलाला माणसं कंद ओळखतात, कुठला कधी फुटतो ते सांगतात. त्यांनी सांगितलेलं स्थानिक नाव आणि उपयोगही लिहून घ्या, पण उपयोग छापण्याआधी पुन्हा विचारा. 'ताकद येते' एवढं छापून आलं तरी पुढच्या पावसात त्या उतारावर खड्डे दिसू शकतात. त्याने नाव नको म्हटलं तर न घातलेलं बरं. आणि लेख छापून आला की एक प्रत त्याच्या घरी पोचवा. वाचता येत नसेल तरी फोटो बघून तो सांगेल, फूल बरोबर आहे की नाही.